कोकणातल्या वाडीतली बुरशी: कोणती आवरायची, कोणती राखायची

गुहागर तालुक्यातल्या एका तरुण बागायतदारांनी मला एक लांबलचक प्रश्न पाठवला आहे. थोडक्यात तो असा. मुंबईची नोकरी सोडून ते घरची वाडी बघू लागले आहेत. दर पावसाळ्यात सुपारी कोळ्याने गळते, थंडीत मोहोरावर भुरी येते, माळ्यावरच्या खोबऱ्यावर बुरा चढतो आणि आजीच्या अंगावरचा नायटा कितीतरी मलमं लावूनही हटत नाही. दुकानात गेलं की प्रत्येक तक्रारीवर एक बुरशीनाशक हातात पडतं. उलट कृषी सहायक ट्रायकोडर्मा घालायला सांगतात, आणि ती तर स्वतःच बुरशी. मग बुरशी चांगली की वाईट? सगळ्यावर चालेल असं एखादं औषध आहे का? आणि घरामागच्या वारुळावर श्रावणात अळंबी येते, ती मुलांना द्यावी, की वारूळच काढून टाकावं?

वारुळाचं उत्तर शेवटी देतो, कारण ते घाईत देण्यासारखं नाही. सगळ्यावर चालणारं औषध मात्र नाही, आणि त्याचा शोधही घेऊ नका. कोकणात जूनपासून सप्टेंबरपर्यंत अडीच-तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. बुरशीचे बीजाणू इथल्या प्रत्येक पानावर, भिंतीवर, कपड्यावर असतातच. त्यांना हाकलून लावणं कुणालाच जमणार नाही. आपल्या हातात दोन गोष्टी असतात: ओल कुठे साचू द्यायची, आणि एखाद्या जागी आपल्याला हवी ती बुरशी आधी कशी बसवायची. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या वाड्यांमधून वनस्पतिरोगांचं काम करताना मला पुन्हा पुन्हा हेच दिसलं आहे की नुकसान जितकं बुरशीने होतं, जवळजवळ तितकंच ती न ओळखता मारलेल्या औषधाने होतं.

सुपारीपासूनच सुरुवात करू, कारण तिथे तुमचा सगळ्यात जास्त पैसा वाया जातोय. तुम्ही लिहिलंय की दोन पावसाळे कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक फवारलं आणि तरी गळ थांबली नाही. थांबणार नव्हतीच. कोळेरोग फायटोफ्थोरामुळे होतो. ही दिसायला बुरशीसारखी, पण खऱ्या बुरशीच्या कुळातली नाही. तिच्या पेशींची भिंत मुख्यतः सेल्युलोजची असते आणि तिचे बीजाणू दोन शेपट्यांनी पाण्यात पोहतात. भुरीवर किंवा करप्यावर चालणारी बरीचशी औषधं बुरशीच्या ज्या कार्यावर घाव घालतात, ते कार्य हिच्यात एक तर नसतंच किंवा वेगळ्या रीतीने चालतं. कार्बेन्डाझिमचा हिच्यावर उपयोग नाही, हेक्झाकोनॅझोलचाही नाही. पावसाचा थेंब रोगट सुपारीवर आपटतो, पोहणारे बीजाणू शिंतोड्यांबरोबर शेजारच्या घडावर जातात आणि सततची झड असली की चार-आठ दिवसांत पोफळीखाली हिरव्या सुपाऱ्यांचा सडा पडतो. गळलेली सुपारी हातात घेऊन बघा. देठाकडच्या बाजूला तिची चमक गेलेली असते, पाण्याने भिजल्यासारखा गडद हिरवा डाग असतो, आणि ती तशीच ओलीत राहिली तर त्या डागावर पांढुरकी बुरशी धरते.

याच्यावर शंभराहून अधिक वर्षांचा खात्रीचा उपाय आहे, तो म्हणजे एक टक्का बोर्डो मिश्रण. फ्रान्समधल्या बोर्डो भागात १८८५ च्या सुमारास मिलार्डे यांनी द्राक्षांवरच्या केवडा रोगासाठी ते रूढ केलं, आणि म्हैसूर संस्थानात लेस्ली कोलमन यांनी १९१० च्या आसपास सुपारीच्या कोळ्यावर त्याचा वापर बसवून दिला. आजही आपल्या किनाऱ्यावर त्याहून स्वस्त आणि भरवशाचं काही नाही, फक्त ते नीट करावं लागतं. एक किलो मोरचूद पन्नास लिटर पाण्यात विरघळवायचं, एक किलो ताजा कळीचा चुना वेगळ्या पन्नास लिटर पाण्यात. भांडी प्लास्टिकची घ्या, लोखंडाची किंवा जस्ताची नकोत. मग मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात सावकाश ओतत ढवळायचं. उलट करू नका, चुना मोरचुदात ओतला तर साका जाडा बनतो, लवकर खाली बसतो आणि पंपाचं नोझल तुंबतं. रंग स्वच्छ आकाशी यायला हवा. घासून लख्ख केलेली लोखंडी सुरी त्यात मिनिटभर बुडवा. पात्यावर तांबूस थर चढला तर मोकळं तांबं शिल्लक आहे आणि ते कोवळ्या सुपाऱ्या भाजेल, म्हणून थर चढायचा थांबेपर्यंत चुन्याची निवळी थोडी थोडी घालत राहा. मिश्रण त्याच दिवशी संपवायचं, दुसऱ्या दिवशी ते निकामी होतं. डब्यात सहा महिने पडून राहिलेला, हवा लागलेला चुना वापरला की सगळं फसतं, आणि बहुतेकांचं बोर्डो इथेच फसलेलं मी पाहिलं आहे.

पहिली फवारणी पाऊस लागायच्या आधी, मेच्या शेवटच्या आठवड्यात. दुसरी साधारण चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी, उघडीप बघून, चिकटद्रव्य घालून. पाऊस पुढे जास्त दिवस चालू राहिला तर तिसरी. कोळे दिसल्यावर धावाधाव करून फवारणं म्हणजे फार उशीर. पाडेली, म्हणजे पोफळीवर चढून काम करणारी माणसं, मिळत नाहीत ही अडचण खरी आहे. म्हणून आळीतल्या चार-पाच वाड्या मिळून मेमध्येच माणूस ठरवून ठेवा, कारण शेजारच्याची वाडी फवारलेली नसेल तर तिथले शिंतोडे तुमच्याकडे येतातच. गळलेल्या सुपाऱ्या आणि वाळलेले घड वाडीत तसेच ठेवू नका, पुढच्या वर्षीच्या रोगाची बेणं तिथेच टिकतात. नारळाचा कोंब कुजतो तोही याच कुळातल्या रोगाने, मिरीचा वेल आठ-दहा दिवसांत कोमेजून मरतो तोही. त्यामुळे पोफळीवर मिरी चढवलेली असेल तर बोर्डो मारताना वेलालाही मिळू द्या.

आंब्याची गोष्ट निराळी आहे, कारण तिथे चार वेगळी दुखणी एकाच नावाखाली खपवली जातात. मोहोरावर पिठासारखा पांढरा थर येतो ती भुरी. तिला रात्रीचा गारवा आणि दमट हवा लागते, वाहतं पाणी लागत नाही, त्यामुळे ती डिसेंबर-जानेवारीत पाऊस नसतानाच येते. पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक दहा लिटरला २० ग्रॅम, किंवा ५ टक्के हेक्झाकोनॅझोल ५ मिलिलिटर, यांतलं एक पुरतं. गंधक भर उन्हात मारू नका, मोहोर करपतो. करपा मात्र ओल मागतो. मोहोराच्या दिवसांत अवकाळी पाऊस पडला किंवा धुकं रेंगाळलं की फुलं काळी पडून झडतात. या करप्याची वाईट खोड अशी की कोवळ्या कैरीच्या सालीत तो शिरतो आणि गप्प बसून राहतो. झाडावर फळ निर्मळ दिसतं, पेटीही सुंदर भरते, आणि वाशीला पेटी उघडेपर्यंत पिकलेल्या फळावर काळे खोलगट डाग उमटलेले असतात. तेव्हा दलालाशी भांडून उपयोग नसतो. रोग फेब्रुवारीतच लागलेला असतो.

तिसरी देठकुज. फळ ओरबाडून काढलं की देठाच्या जखमेतून ती शिरते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने नूतन झेला हे फळं उतरवायचं साधन काढलं ते फळ देठासकट उतरावं म्हणूनच. दोन-तीन सेंटिमीटर देठ ठेवा, चीक सालीवर ओघळू देऊ नका आणि फळ मातीवर टेकवू नका. काढल्यावर ५० ते ५२ अंश सेल्सिअसच्या पाण्यात पाच ते दहा मिनिटं बुडवून सुकवलं तर करपा आणि देठकुज दोन्ही पुष्कळ कमी होतात, औषधाचा थेंबही न वापरता. हे करायला थर्मामीटर हवा, हाताला गरम लागतंय एवढ्यावर जाऊ नका, चार अंश जास्त झाले की साल भाजते. चौथी पानांवरची काजळी. तुडतुड्यांच्या चिकट गोड स्रावावर ती वाढते आणि पानाच्या आत शिरतच नाही. तुडतुडे आवरले की काजळीचा प्रश्न मिटतो, बुरशीनाशक लागत नाही.

झाडाच्या खोडावर राखाडी-हिरवे पापुद्रे दिसतात म्हणून तुम्ही ते खरवडून काढता, असं तुम्ही लिहिलंय. ते सोडून द्या. ते शैवाक आहे, बुरशी आणि शैवाल यांची भागीदारी. झाडातून ते काही शोषत नाही, सालीचा फक्त आधार घेतं. मालवणी मसाल्यात आपण दगडफूल घालतो तेही त्याच जातकुळीतलं. गंधकाचा धूर असलेल्या हवेत बहुतेक शैवाकं तग धरत नाहीत, त्यामुळे तुमच्या कलमांवर ती भरपूर आहेत याचा मला तरी आनंदच वाटतो.

आता ट्रायकोडर्मा. ही मातीतलीच हिरवी बुरशी. मूळ कुजवणाऱ्या बुरशांच्या तंतूंना ती वेटोळे घालते, त्यांच्या भिंती विरघळवणारी विकरं (एन्झाइम) सोडते आणि त्यांचं अन्न नि जागा आधीच बळकावते. मिरी, आलं, हळद, भाजीची रोपं यांच्या मूळकुजीवर ती खरोखर उपयोगी आहे. पण मेच्या उन्हात तापलेल्या जांभ्याच्या मातीवर पाकीट फोडून कोरडी भुकटी टाकली तर ती तिथेच मरते, आणि मग लोक म्हणतात, काही फरक पडला नाही. एक किलो ट्रायकोडर्मा शंभर किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळा. खत मुठीत दाबलं तर गोळा व्हावा पण पाणी ठिबकू नये इतकी ओल ठेवा. सावलीत पोत्याने झाकून दहा-पंधरा दिवस राहू द्या, मध्ये एकदा उलथापालथ करा. खतात हिरवट पांढरे ठिपके दिसू लागले की ते मुळाशी घाला, पावसाची पहिली सर पडून माती ओलावल्यावर. पाकिटावरची मुदत बघून घ्या. आणि ज्या आळ्यात बोर्डो ओतलंय तिथे पंधरा दिवस तरी ट्रायकोडर्मा घालू नका, तांबं तिलाही मारतं.

याहून महत्त्वाची बुरशी आपल्याला दिसतच नाही, ती म्हणजे मुळांच्या आत राहणारी मायकोरायझा. जमिनीवरच्या बहुसंख्य वनस्पतींच्या मुळांत ती असते. स्कॉटलंडमध्ये सापडलेल्या सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांतही तिच्या खुणा मिळाल्या आहेत. आपल्या मातीत तिचं मोल फार आहे. जांभ्याची माती आम्लधर्मी, त्यात लोह आणि ॲल्युमिनियम भरपूर, त्यामुळे घातलेलं स्फुरद (फॉस्फरस) त्यांच्याशी बांधलं जातं आणि मुळाला मिळत नाही. मायकोरायझाचे तंतू मुळाच्या केसाहून कितीतरी बारीक असतात, मूळ जिथे शिरू शकत नाही अशा फटींत जाऊन ते स्फुरद आणि जस्त आणून देतात, बदल्यात झाडाकडून साखर घेतात. तुम्ही दरवर्षी वाढवत चाललेलं स्फुरदाचं खत ही भागीदारी मोडतं. स्फुरद आयतं मिळालं की झाड बुरशीला पोसणं कमी करतं. माती तपासून घ्या आणि गरजेपुरतंच द्या. काजूची किंवा आंब्याची रोपं घरी करत असाल तर पिशवीतच मायकोरायझा द्या, मोठ्या झाडापेक्षा तिथे तिचा उपयोग जास्त होतो.

इथे मला पातेऱ्याबद्दल, म्हणजे झडलेल्या सुक्या पानांबद्दल, कळकळीने सांगायचं आहे. मार्चमध्ये कलमांखालचा पातेरा गोळा करून पेटवून देण्याची सवय अजून गावोगाव आहे. भाताच्या तरव्यासाठीची (रोपांसाठीची) भाजावळ, म्हणजे पाला पसरून जमीन भाजणं, मी समजू शकतो. तिच्यामुळे तणाचं बी मरतं, वरच्या थरातल्या रोगट बुरशा मरतात, राखेतून पालाश मिळतं, आणि ती लहानशा तुकड्यावर होते. पण अख्ख्या बागेतला पातेरा जाळण्यात काहीच पदरात पडत नाही. लाकूड आणि पान ज्याच्यामुळे कडक राहतं ते लिग्निन पुरतं फोडू शकणारे जीव जगात मोजकेच, आणि त्यांत बुरशा सगळ्यात पुढे. देवराईत शिरून हाताने पाचोळा बाजूला करा. वरचं पान अख्खं, त्याखालचं जाळीदार झालेलं, त्याखाली पांढऱ्या तंतूंनी एकमेकांना चिकटलेला थर, आणि त्याच्याखाली काळी मऊ माती. कातळावर ही माती अशीच, पान-पान करत, तयार झालेली आहे. तुम्ही पातेरा आळ्यात पसरलात, वर थोडं शेण कालवून शिंपडलंत, तर पहिल्या दोन पावसाळ्यांतच त्याचा बराच भाग कुजतो आणि एप्रिलमध्ये आळ्यातली ओल टिकते. बुंध्याला मात्र चिकटवून ठेवू नका, हातभर मोकळी जागा सोडा. करप्याने झडलेली पानं-फांद्या असतील तर तेवढ्या वेगळ्या काढून खताच्या खड्ड्यात पुरा.

३ जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन, मुरूड, दापोली, मंडणगडच्या वाड्या आडव्या झाल्या. त्यानंतर नारळी-पोफळीची खोडं जिथे रचून ठेवली होती तिथे पुढच्या पावसाळ्यांत बुरशांनीच ती भुसभुशीत केली. पण यात एक धोका असतो तो ओळखा. तुटलेल्या बुंध्याशी लालसर तपकिरी, चकचकीत, अर्धगोल कंगोरा उगवलेला दिसला तर तो बहुधा गॅनोडर्मा. तो जिवंत माडाची मुळं आणि बुंधा कुजवतो. असा बुंधा मुळासकट खणून बाहेर काढायचा आणि शेजारच्या माडांपासून तोडण्यासाठी दोन फूट खोल, एक फूट रुंद चर काढायचा. जाळायचं असेलच तर हे जाळा.

खताच्या खड्ड्यात गेंड्या भुंग्याच्या जाड पांढऱ्या अळ्या असतात, तिथे मेटारायझियम मिसळा. या बुरशीने अळी मरते आणि तिच्या अंगावर हिरवट थर चढतो. रशियात मेचनिकॉफ यांनी १८७९ मध्ये कीड मारण्यासाठी हिचा विचार मांडला होता. एकदा खड्ड्यात रुजली की माडाचा कोंब पोखरणाऱ्या भुंग्यांची पुढची पिढीच घटते.

आजींच्या नायट्याकडे वळतो. मी झाडांचा वैद्य, त्यामुळे औषध त्वचारोगतज्ज्ञच देतील. पण तुम्ही ज्या मलमाचं नाव लिहिलंय त्यात बुरशीनाशकाबरोबर तीव्र स्टेरॉइड आहे, आणि गडबड तिथेच आहे. स्टेरॉइडने दोन दिवसांत खाज थांबते, लाली उतरते, बरं वाटतं म्हणून मलम बंद होतं. आत बुरशी मोकळी वाढत राहते, कारण तिच्याशी लढणारी त्वचेची प्रतिक्रियाच दाबलेली असते. गोल चट्टे मोठे होतात, त्वचा पातळ पडते. अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून केंद्र सरकारने २०१८ मध्ये नियम कडक केले, तरी ती सहज मिळतात. त्यात भारतभर नायट्याची एक नवी जात पसरली आहे, ट्रायकोफायटॉन इंडोटिनी, तिला हे नाव २०२० मध्ये मिळालं. टर्बिनाफीन या नेहमीच्या गोळीला ती पुष्कळदा दाद देत नाही. म्हणून आजींना मलम बदलून देत बसू नका. तज्ज्ञांकडे न्या, त्वचेचा खरवड तपासून घ्या, सांगतील तितके आठवडे औषध पूर्ण करा, आणि घरात आणखी कुणाला खाज असेल तर त्यांचेही उपचार त्याच वेळी व्हायला हवेत. टॉवेल, चादर वेगळी. पावसाळ्यात दमट राहिलेले कपडे इस्त्री फिरवून कोरडे करून घाला. आजींना मधुमेह आहे का तेही तपासा.

लावणीच्या दिवसांत बायकांच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, त्यातही हीच मंडळी असतात. मेंदी लावण्याची आपली जुनी पद्धत वाईट नाही, पण खरा उपाय संध्याकाळी पाय धुऊन बेचकी पूर्ण कोरडी करणं हाच. मधुमेह असेल किंवा पाय सुजून लाल झाला तर घरगुती उपाय थांबवा. आणि एक गोष्ट कधीच अंगावर काढू नका: कापणी-झोडणीत भाताचं पातं किंवा तूस डोळ्याला लागून डोळा दुखायला लागला तर दुसऱ्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा. बुबुळावर बुरशीची जखम होते, तिला नाटामायसिनसारखं वेगळं औषध लागतं, आणि लाल डोळ्यासाठी घरात पडलेले स्टेरॉइडचे थेंब घातले तर दृष्टी जाऊ शकते. २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत ज्याला आपण काळी बुरशी म्हणालो, तिथेही अनियंत्रित साखर आणि स्टेरॉइड हीच जोडी पुढे होती. ती बुरशी एकाकडून दुसऱ्याला लागत नाही, हवेत नि मातीत ती नेहमीच असते.

बागेतली फवारणी आणि दवाखान्यातली गोळी यांचं नातं बहुतेकांना माहीत नसतं. तुम्ही मोहोरावर मारता ते हेक्झाकोनॅझोल, किंवा टेब्युकोनॅझोल, प्रोपिकोनॅझोल, आणि डॉक्टर देतात ते इट्राकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल ही सगळी एकाच घराण्यातली, बुरशीच्या एकाच विकरावर घाव घालणारी. कुजणाऱ्या पाल्यात आणि खतात वाढणारी ॲस्परजिलस फ्युमिगेटस ही बुरशी दुबळ्या फुप्फुसांत शिरली की जीवघेणी ठरते. तिच्या या औषधांना न जुमानणाऱ्या जाती नेदरलँड्समध्ये लक्षात आल्या, पुढे भारतातही सापडल्या, तेही कधी ही औषधं न घेतलेल्या माणसांत. शेतातल्या फवारणीशी त्याचा संबंध जोडला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२२ मध्ये धोकादायक १९ बुरशांची पहिली यादी काढली, त्यात ही वरच्या गटात आहे. म्हणून 'खबरदारी म्हणून' प्रत्येक टाकीत हेक्झाकोनॅझोल टाकणं थांबवा. भुरी दिसली, हवामान भुरीचं असलं, तरच मारा, आणि पुढच्या वेळी गंधकाकडे वळा. माणसांसाठी अशी औषधं फार थोडी आहेत. पेनिसिलिअमपासून मिळालेलं पेनिसिलिन (आपल्या पिंपरीत १९५४ साली त्यासाठी सरकारी कारखाना उभा राहिला), कोलेस्टेरॉलवरची पहिली स्टॅटिन औषधं, मूत्रपिंड बदलल्यावर लागणारं सायक्लोस्पोरिन, एवढं बुरशीने माणसाला दिलं. पण बुरशीवरच चालणारी औषधं शोधणं कठीण, कारण तिच्या पेशी आपल्या पेशींच्या बऱ्याच जवळच्या आहेत.

माळ्यावरचं खोबरं. बुरा चढलेला भाग कापून बाकीचं वापरू नका. ॲस्परजिलस फ्लेव्हस त्यात अफ्लाटॉक्सिन सोडते, ते यकृताला घातक आहे आणि शिजवून, भाजून नाहीसं होत नाही. १९७४ मध्ये राजस्थान-गुजरातच्या सीमेवर कापणीच्या वेळी भिजलेला मका खाऊन शंभराहून अधिक माणसं दगावली. खोबरं ६ टक्के ओलाव्यापर्यंत सुकवायचं, म्हणजे वाटी मोडताना कट्‌कन तुटली पाहिजे. ते पाऊस लागायच्या आधी, एप्रिल-मेच्या उन्हात करा. घाण्यावर तेल काढण्यासाठीही बुरसट वाट्या घालू नका. आणि माणसाला नको म्हणून बुरसट शेंगदाणे किंवा पेंड गाईला देऊ नका, ते विष रूप बदलून दुधात उतरतं आणि दूध तुमचीच मुलं पितात.

धिंगरीबद्दल, म्हणजे ऑयस्टर अळंबीच्या लागवडीबद्दल, तुम्ही ओझरतं विचारलंय. करण्यासारखं आहे. भाताचा पेंढा तुमच्याकडे आहेच. दोन बोटं लांबीचे तुकडे करून रात्रभर भिजवा, ८० अंशाच्या आसपासच्या पाण्यात तासभर ठेवा, निथळून गार झाल्यावर पिशवीत थराथराने बी भरा. पेंढा कार्बेन्डाझिम आणि फॉर्मालिनच्या पाण्यात बुडवायची पद्धतही आहे, खाण्याच्या वस्तूसाठी मी गरम पाणीच सांगतो. वीसेक दिवसांत पिशवी पांढरी होते आणि त्यानंतर काही दिवसांनी पहिला तोडा मिळतो. एप्रिल-मेचा उकाडा सोडून बाकी वर्षभर जमतं. ताजी धिंगरी एक-दोन दिवसांतच उतरते, म्हणून गिऱ्हाईक आधी बघा. खोलीत शिरताना तोंडाला कापड बांधा, बीजाणूंनी काहींना दमा होतो.

आता वारूळ. ते काढू नका, घराच्या लाकडापासून आणि कलमाच्या बुंध्यापासून लांब असेल तर अजिबात नको. आतली वाळवी सुका पाला नेऊन त्यावर एक बुरशी वाढवते आणि तिच्यावर जगते. त्याच बुरशीची फळं म्हणजे श्रावणात वर येणारी अळंबी. रॉजर हाइम यांनी १९४२ मध्ये हिच्या कुळाला टर्मिटोमायसिस हे नाव दिलं. हिची व्यापारी लागवड अजून साधलेली नाही, वारूळ गेलं की ती गेली. वारुळावर कीटकनाशक ओतलेल्या बागांमध्ये ती परत आलेली मी पाहिलेली नाही. काढताना पूर्ण उमललेली काही तशीच ठेवा.

खायची तर आधी नीट ओळखा. वारुळाच्या अळंबीच्या छत्रीला मध्यभागी टोकदार उंचवटा असतो आणि देठ मातीत मुळासारखा खोल जातो, अलगद खणलं तर तो थेट वाळवीच्या बुरशीच्या जाळ्यापर्यंत पोहोचतो. एका उमललेल्या छत्रीचा देठ कापा, पट्ट्यांची बाजू खाली करून पांढऱ्या कागदावर ठेवा, वर वाटी उपडी घाला. सकाळी कागदावर बीजाणूंचा ठसा फिकट गुलाबीसर उमटायला हवा. ठसा हिरवट आला तर ती फेकून द्या. गवतात, गोठ्याजवळ उगवणारी पांढऱ्या छत्रीची, तपकिरी खवल्यांची एक जात हिरवट ठसा देते आणि खाल्ल्यावर दोन-तीन तासांत भयंकर उलट्या-जुलाब होतात. ठसा पांढरा आणि देठाच्या तळाशी पिशवीसारखं वेष्टन असेल तर तिला स्वयंपाकघरात आणूही नका. पण ठसा गुलाबी आला म्हणून खाण्यालायक ठरत नाही, तो फक्त वाईट जाती बाजूला काढायला मदत करतो. गावात वर्षानुवर्षं तीच अळंबी काढणारी जाणती बाई किंवा आजोबा असतील, त्यांना दाखवल्याशिवाय पहिल्यांदा खाऊ नका. चांदीचा चमचा काळा पडतो, लसूण निळी होते, किड्यांनी खाल्लेली चालते, या तिन्ही परीक्षा खोट्या आहेत. सगळ्यात घातक विषं शिजवूनही जात नाहीत.

खाल्ल्यावर सहा तासांनी किंवा त्याहून उशिरा उलट्या सुरू झाल्या तर ते लवकर झालेल्या उलट्यांपेक्षा जास्त धोक्याचं आहे. अशा विषात दुसऱ्या दिवशी माणसाला बरं वाटतं आणि आत यकृत निकामी होत असतं. बरं वाटतंय म्हणून घरी थांबू नका. ज्यांनी ज्यांनी ती भाजी खाल्ली त्या सगळ्यांना, त्रास असो वा नसो, जिल्हा रुग्णालयात न्या, आणि उरलेली अळंबी कागदी पिशवीत घालून बरोबर घ्या.